आत्या रवांडाला जाते: बुटारोच्या डोंगरातला एक आठवडा

दिवस पहिला, मंगळवार

आधी थोडं माझ्याबद्दल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी अकोले तालुक्यात, म्हणजे आमच्या नगर जिल्ह्यात कळसूबाईच्या अंगाला, आधी आशा आणि मग बरीच वर्षं गटप्रवर्तक म्हणून काम केलं. वीसेक आशा माझ्या हाताखाली होत्या, त्यांचे रिपोर्ट, त्यांची भांडणं, त्यांचं अडकलेलं मानधन सगळं माझ्या गळ्यात. मागच्या वर्षी गुडघ्याने साथ सोडली म्हणून काम सोडलं आणि भाच्याने लगेच तिकीटच पाठवलं. तो रवांडाच्या राजधानीत, किगालीत, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघतो. म्हणाला, आत्या तू ये, गोरिला बघू. मी म्हणलं गोरिला राहू दे रे, तिथल्या आशाताई कशा असतात ते दाखव. त्याला आधी मस्करी वाटली.

घरचे काळजीत, कारण कोणीतरी मारबर्ग ह्या जीवघेण्या तापाची जुनी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली. २०२४ च्या सप्टेंबरात तिथे ती साथ आली होती हे खरंच, ६६ जणांना झाली, १५ गेले, त्यात बहुतेक दवाखान्यातलेच कर्मचारी. पण डिसेंबरात साथ संपली म्हणून जाहीर पण झालं आणि मी जातेय २०२५ च्या जुलैत. ज्या आजारात एरवी निम्मे दगावतात तिथे ह्यांनी बाकीचे वाचवले, मला तर उलट जायची उत्सुकता वाढली.

मुंबई ते अदिस अबाबा, तिथे चार तास बसून किगाली. विमानतळावर गंमत झाली. रवांडात २००८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे हे भाच्याने सांगितलं होतं आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, सगळं कॅरीबॅगेत गाठी मारून. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळ्या गाठी सोडवल्या, पिशव्या काढून घेतल्या आणि चिवडा माझ्या शालीत ओतून दिला. आठवडाभर शालीला हिंगाचा वास येत होता.

दिवस दुसरा, बुधवार

किगालीत. शहर म्हणजे नुसत्या टेकड्या, रस्ते झाडून पुसून ठेवल्यासारखे. सकाळी गिसोझीच्या स्मारकात गेलो, १९९४ च्या शंभर दिवसांच्या नरसंहारातल्या अडीच लाख लोकांना तिथे मूठमाती दिलीय. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, लिहवत नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात घेऊन बाहेर पडले. त्या शंभर दिवसांत डॉक्टर नर्स पण मारले गेले, उरलेले बरेच पळाले, म्हणजे ह्या लोकांनी आरोग्यखातं अक्षरशः शून्यातून उभं केलंय. २००० साली इथे लाख जन्मांमागे १०७१ आया बाळंतपणात जात होत्या. २०१९-२० च्या पाहणीत तो आकडा २०३ वर आला. पाच वर्षांच्या आतली मुलं हजारी १९६ दगावायची ती ४५ वर. मी आयुष्यभर असले तक्ते भरलेत, मला माहितीय की एवढा आकडा खाली आणायला काय काय घासावं लागतं, आणि मला हेच बघायचं होतं की घासलं कोणी.

संध्याकाळी भाच्याचा ऑफिसातला सहकारी भेटला. उत्तरेकडच्या बुरेरा जिल्ह्यातला, बुटारोजवळच्या डोंगरातला मुलगा. आणि त्याची मावशी गावची आरोग्यसेविका! आता गोरिला कोणाला हवेत.

दिवस तिसरा, गुरुवार

सकाळी सहाला निघालो. मुसांझेच्या रस्त्याला लागलो की कसारा घाट संपतच नाही असं समजा, वळण, परत वळण, दोन्ही बाजूला टेकडीच्या टोकापर्यंत वाफे काढलेले. बटाटा, वेलघेवडा, ज्वारी. हो ज्वारी! जुलै हा त्यांचा कोरडा हंगाम, ज्वारी काढणीला आलेली, लालसर कणसं. मी गाडी थांबवून एक कणीस हातात घेऊन बघितलं, ती बाई शेतातून माझ्याकडे बघत राहिली की ही कोण. ह्या ज्वारीची ते भाकरी करत नाहीत, पेज करतात आणि दारू करतात. असो.

बेस नावाच्या गावाजवळ उजवीकडे वळलो. इथून पुढे गाव म्हणून गाव दिसतच नाही, सगळ्या डोंगरभर एकेक घर विखुरलेलं, आमच्याकडच्या पाड्यांसारखं. शंभर दीडशे घरांचा मिळून एक उमुदुगुदु, म्हणजे त्यांचं सगळ्यात लहान गाव. भाचा कंटाळला पण मी प्रत्येक वळणावर मनात हिशोब करत होते, ह्या घरातून बाई अडली तर रस्त्यापर्यंत किती वेळ, त्या घरातून किती. सवय जात नाही.

दुपारी बुटारोचं हॉस्पिटल बघितलं, टेकडीच्या माथ्यावर. २०११ च्या जानेवारीत सुरू झालं, त्याआधी ह्या जिल्ह्याला धड जिल्हा रुग्णालयच नव्हतं. भिंती काळ्या ज्वालामुखीच्या दगडाच्या, आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आपला सह्याद्रीचा दगड असाच की! शेतात हा दगड म्हणजे कटकट, पण गावातल्याच गवंड्यांनी तो असा बसवलाय की सांध्यात चुना सिमेंट दिसत नाही. वॉर्डात खाटा भिंतीला टेकवलेल्या नाहीत, मधोमध बुटकी भिंत घालून तिला उशी केलीय, म्हणजे पेशंटचं तोंड खिडकीकडे, बाहेर डोंगर. छताला अवाढव्य पंखे, हवा खेळती राहावी आणि टीबी एकाचा दुसऱ्याला लागू नये म्हणून. हे सगळं सरकार आणि पार्टनर्स इन हेल्थ ह्या संस्थेने मिळून केलं, २०१२ पासून कॅन्सरवर पण इथेच उपचार होतात. त्या संस्थेचे डॉक्टर पॉल फार्मर २०२२ च्या फेब्रुवारीत इथे बुटारोतच वारले, अजून लोक त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात.

माझ्या डोळ्यासमोर आमच्या तिकडच्या एका दवाखान्याचा वॉर्ड आला, त्याचं नाव नको, पण तिथे खिडकी होती ती कपाटाने झाकलेली होती.

मुक्काम सहकाऱ्याच्या मावशीकडे. शेवटचा पाऊण तास पायी. माझा गुडघा बोलायला लागला. रात्री भलतीच थंडी, उंची दोन हजार मीटरच्या आसपास, शालीतला चिवडा संपवून शाल पांघरली.

दिवस चौथा, शुक्रवार

मावशी म्हणजे पन्नाशीची बाई, उंच, कमी बोलणारी. हुद्दा उमुज्यानामा वुबुझिमा, म्हणजे शब्दशः आरोग्याची सल्लागार. गावात असे चार जण. मी तिला इंग्रजी मराठी सगळं मिसळून विचारायचे, भाचा सहकाऱ्याला सांगायचा, तो तिला. मग ती दोन शब्द बोलायची आणि तो पाच मिनिटं सांगायचा. पण खरं सांगू, तिने ती पेटी उघडली आणि पुढे दुभाषाची गरजच पडली नाही.

लाकडी पेटी, कुलूप, किल्ली गळ्यात. आत ओआरएस, झिंक, मलेरियाच्या टेस्टच्या पट्ट्या, मलेरियाच्या गोळ्या, बाळाच्या न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन, श्वास मोजायचा टायमर, कुपोषण बघायला दंड मोजायची लाल पिवळी हिरवी पट्टी, आणि रजिस्टरं. रजिस्टरं बघून मी हसले, ती पण हसली. जगात कुठेही जा, कडा दुमडलेली रजिस्टरं सेमच. मी तिचा टायमर घेतला, शेजारच्या बाळाच्या छातीकडे बघत श्वास मोजायला लागले, तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, बरोबर म्हणून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी गावातल्या बायकांना हेच शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं, आणि १९९९ साली लॅन्सेट ह्या डॉक्टरी मासिकात छापून आलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आमचं एचबीएनसीचं, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळ बघायचं, ट्रेनिंग त्यातनंच आलेलं. हे तिला सांगायला मी फार धडपडले, किती पोचलं देव जाणे.

एका बाबतीत मात्र ती माझ्या पुढे निघाली. ती गर्भनिरोधकाचं इंजेक्शन स्वतः देते. गोळ्याही देते. आमच्या आशांना सुईला हात लावू देत नाहीत, त्यासाठी एएनएमची, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सची, वाट बघायची, आणि एएनएमकडे तीन गावं. इथे बाई दुपारी शेतातून येते, हात पुढे करते, सुई घेते आणि परत कामाला.

गरोदर बाईची नोंद ती मोबाईलवरून मेसेजने करते. ही पद्धत २००९ मध्ये शेजारच्या मुसांझे जिल्ह्यातच पहिल्यांदा करून बघितली होती. धोक्याचं लक्षण दिसलं की वेगळा मेसेज, तो थेट वर जातो. तिच्या वर हेल्थ पोस्ट, त्याच्या वर हेल्थ सेंटर, मग जिल्हा रुग्णालय. आपलं उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय असं समजा. बहुतेक हेल्थ सेंटरला डॉक्टर नसतो, सगळं नर्सेस चालवतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुपारी बायकांच्या बचत गटाला बसलो, इकिमिना म्हणतात. झाडाखाली सतरंजी, लोखंडी पेटी, वही, एकीचे पैसे कमी भरले म्हणून कुजबूज. कुठल्या गावात बसलेय हेच विसरले मी. पण हा गट कर्जासाठी नाही, म्युच्युएलसाठी पैसे जमवतो. म्युच्युएल म्हणजे त्यांचा सगळ्या देशाचा आरोग्य विमा. २०२५ ला बहुतेकांना वर्षाला माणशी ३००० फ्रँक, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये धरा. अगदी गरिबांचे सरकार भरतं. वर्ष जुलैपासून सुरू होतं, म्हणून ही घाई. अट अशी की एकट्याचे भरून चालत नाही, सगळ्या घराचे भरावे लागतात. सहा माणसांचं घर असलं की १८,००० फ्रँक एकदम कुठून आणायचे, म्हणून मग दर आठवड्याला थोडे थोडे. एकदा भरले की हेल्थ सेंटरला गेल्यावर २०० फ्रँक द्यायचे, बारा रुपये, बाकी विमा बघतो.

मला हे पटलं आणि नाही पण पटलं. पटलं कारण बारा रुपयांच्या भरवशावर बाई ताप अंगावर काढत नाही. आणि नाही पटलं कारण त्या गटात एक म्हातारी होती, तिचे स्वतःचे भरून झालेले पण नातवाचे राहिलेले, म्हणजे तिचाही विमा बंद. वहीतलं गणित बरोबर होतं. म्हातारी गप्प बसून होती.

जेवायला उकडलेले बटाटे आणि घेवडा, मी माळकरी असल्यामुळे माझी सोय आपोआप झाली. वरून इकिवुगुतो, आपलं घट्ट ताक म्हणा, दोन ग्लास प्याले.

रात्री मी धीर करून विचारलं, तुला पगार किती. सहकारी जरा घुटमळला. उत्तर आलं की पगार नाही, आम्ही स्वयंसेवक, गावाने हात वर करून निवडून दिलेले. सरकार कामाप्रमाणे पैसे देतं ते आमच्या सहकारी संस्थेला, त्यातला थोडा वाटा हातात येतो आणि बाकीच्यातून संस्था धंदा करते. कसला धंदा? कोंबड्या.

ह्यावर मी बोलले नाही, पण झोप पण लागली नाही. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशांना पुरस्कार दिला, पेपरात फोटो आले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही मानधनासाठी आझाद मैदानावर बसलो होतो. स्वयंसेवक हा शब्द मला कुठल्याच भाषेत आवडत नाही.

दिवस पाचवा, शनिवार

पहाटे तीनला दार वाजलं. वरच्या अंगाच्या घरातली सून, दुसरं बाळंतपण, तारखेच्या आधीच कळा. मावशीने आधी फोन लावला, मग स्वेटर घातला, मग पेटी. मी म्हणलं मी येते. भाचा म्हणाला आत्या गुडघा. मी म्हणलं गप.

अ‍ॅम्ब्युलन्स निघाली होती पण ती रस्ता असेल तिथपर्यंतच येणार. बाई जिथे होती तिथून रस्ता खाली, तीव्र उतार, मधे ओढा. आणि मग आठ दहा गडी अंधारातून आले, कोणी बोलावलं मला कळलं नाही, आणि त्यांच्याबरोबर एक विणलेली लांबट टोपली, दोन बाजूला बांबू. तिला इंगोब्यी म्हणतात. बाईला त्यात निजवली, वर चादर, चार खांद्यांवर उचलली आणि चालायला लागले, दर थोड्या अंतराने खांदे बदलत, न बोलता. मागे मावशी टॉर्च घेऊन, तिच्या मागे मी बसत उठत.

मी ही वाट चाललेय. ही नाही, पण हीच. श्रावणात, चिखलात, बांबूला घोंगडी बांधून, मागून पोरीची सासू देवाचं नाव घेत. एकशे आठला फोन लावायचा तर रेंज टेकडीवर. आपण त्याला झोळी म्हणतो. चालता चालता सहकाऱ्याने सांगितलं की इंगोब्यी हा शब्द आई पाठीला बाळ बांधते त्याला पण वापरतात. मी तिथेच थांबले. आपल्याकडे पण तसंच की, तान्ह्या बाळाला निजवतो ती झोळी आणि बाळंतिणीला खाली आणतो ती पण झोळी. एवढ्या लांबच्या दोन भाषांनी एकच गोष्ट केलीय आणि दोन्हीकडे चालणाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही.

हे खांदे देणं म्हणजे उपकार नाही, जुनी रीत आहे, टेकडीवरच्या घरांची आपसात बांधिलकी. सीमेपलीकडे युगांडाच्या किगेझी भागात अशाच शब्दावरून एंगोझी नावाची मंडळंच आहेत, आजाऱ्याला उचलून न्यायची आणि वर्गणी जमवायची. म्हणजे विम्याचं मूळ पण ह्या टोपलीतच आहे, मला असं वाटतं.

चाळीस पंचेचाळीस मिनिटांनी दिवा दिसला. अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती, इंजिन चालू. बाईला आत घेतलं, मावशी बरोबर गेली, गडी ओढ्यावर पाय धुवून माघारी वळले. सातच्या सुमाराला फोन आला, हेल्थ सेंटरला पोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली, लहान आहे पण रडली. मी पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होते.

आणि त्यांच्यापैकी कोणी झोपायला गेलं नाही, कारण महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. देशभर सकाळी सगळ्यांनी मिळून श्रमदान करायचं, दुकानं बंद. आमच्या टेकडीचं काम काय ठरलेलं होतं माहितीय? ज्या वाटेने रात्री उतरलो तीच रुंद करायची आणि बाजूने चर काढायचा, पावसाळ्याआधी, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स अजून वर येईल. रात्री खांदा दिलेले गडी सकाळी कुदळ घेऊन तिथेच. मला पण एक खुरपं मिळालं, मी गवत काढल्यासारखं केलं. किती मीटर झालं? खूप कमी. पाच वर्षांत पोचेल म्हणाला एक म्हातारा, आणि हसला. जबरदस्तीचं श्रमदान म्हणून ह्याला नावं ठेवणारे पण आहेत, त्यात तथ्य असेलही, पण त्या सकाळी मला ते काही सुचलं नाही.

काम संपल्यावर तिथेच सभा. गावप्रमुखाने वाचून दाखवलं, म्युच्युएलचे अजून किती घरांचे बाकी. कालची म्हातारी मागे बसली होती. कोणीतरी उठून काही बोललं, टोपी फिरली, नाण्यांचा आवाज. नातवाचे ३००० जमले का ते मी विचारलं नाही, पण म्हातारी सभा संपल्यावर पहिल्यांदाच माझ्याशी हात मिळवायला आली.

दिवस सहावा, रविवार

परत किगाली. दिवसभर गाडीत झोपले. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त मावशीने निघताना पिशवीभर घेवडा दिला, कागदी पिशवीत.

दिवस सातवा, सोमवार

विमान रात्रीचं, म्हणून भाचा म्हणाला मुहांगाला जाऊन ड्रोन बघू. इथून २०१६ च्या ऑक्टोबरपासून झिपलाइन कंपनीची छोटी विमानं रक्त पोचवतात. कुंपणाबाहेर शाळेची पोरं उभी असतात, त्यांच्यात आम्ही. गलोलीसारखं यंत्र, त्यातून पांढरं विमान सुटतं, पोरं ओरडतात, आणि ते डोंगरामागे गेलं पण. पावणेदोन किलोचं ओझं, ताशी शंभर किलोमीटर. दवाखान्यावर जाऊन उतरत नाही, वरूनच खोकं सोडतं कागदी पॅराशूटला बांधून, आणि परत आलं की दोरीला शेपटी अडकवून थांबवतात. बाळंतपणात बाई रक्त जाऊन मरते ते मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय, दोन्ही वेळा रक्ताची पिशवी तीन तास लांब होती. त्यामुळे मी त्या विमानाला हात जोडले, पोरं हसली तर हसू देत.

पण ते रक्त दवाखान्यापर्यंत पोचतं. बाई तिथे पोचायला टोपली लागते आणि टोपलीच्या मागे टॉर्च घेऊन चालणारी लागते.

विमानतळावर बसून आमच्या घाटघरकडच्या एका आशाला व्हिडिओ कॉल लावला, माझी सगळ्यात जुनी पोरगी, भांडकुदळ. तिला सगळं सांगितलं, पेटी, सुई, मेसेज, झोळी, ड्रोन. ती हूं हूं करत ऐकत होती. मग म्हणाली, ताई ते सगळं राहू द्या, त्यांना देतात किती?

मी सांगितलं, संस्था, वाटा, कोंबड्या.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कोंबड्या तरी देतात का, आपल्याला तर तेही नाही. तुम्ही या, आपण आधी खुराड्याची मागणी टाकू.